आयटीतली पहिली नोकरी: दूध डेअरीच्या हिशेबापासून ऑफर लेटरपर्यंत

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी मी हिंजवडीत सकाळपासून फ्रेशर मुलांच्या मुलाखती घेत बसलो होतो. अकरा जण आले. त्यातल्या आठ जणांच्या रेझ्युमेवर 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' होती. त्या प्रत्येकाला मी एकच विचारलं, "एखाद्याने पुस्तक हरवलं तर तुझ्या सिस्टिममध्ये काय होतं?" सात जणांनी छताकडे पाहिलं. आठवी म्हणाली, "सर, तो विचारच केला नव्हता. पण करायचा झाला तर स्टेटसचा एक कॉलम वाढवीन आणि पुस्तकाची किंमत दंडात धरीन." तिला पुढच्या राउंडला पाठवलं.

बाकीच्यांना हसायचा मला अधिकार नाही. माझ्या पहिल्या मुलाखतीत मीही छताकडेच पाहिलं होतं. रेझ्युमेवर सी, सी प्लस प्लस, जावा, पायथॉन, पीएचपी अशी माळ लावली होती. पीएचपीचं मी फक्त पुस्तक विकत घेतलं होतं, आणि समोरच्या बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. दहा मिनिटांत मी बाहेर, चहाच्या टपरीवर.

तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे: रेझ्युमेवरची प्रत्येक ओळ न अडखळता पाच मिनिटं तोंडाने सांगता आली पाहिजे. जी येत नाही ती खोडा. पुढे जे लिहिलंय ते सगळं या कसोटीला धरून.

आधी कोणत्या दारातून जायचं ते ठरवा

'आयटीत जायचंय' म्हणजे काय, हे बहुतेकांनी ठरवलेलंच नसतं. डेव्हलपर, टेस्टर, अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट, डेटा अ‍ॅनालिस्ट, डेव्हऑप्स (कोड सर्व्हरवर चढवून चालता ठेवणं), सॅप (कंपन्यांचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) कन्सल्टंट ही सगळी वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाची तयारी निराळी. कोड लिहायला मजा येत नसेल, पण दुसऱ्याच्या कामातली चूक पटकन दिसत असेल, तर टेस्टिंग बघा. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पक्कं असेल आणि रात्रपाळीची तयारी असेल तर सपोर्टमधून आत शिरणं तुलनेने सोपं जातं. मेकॅनिकल किंवा सिव्हिल करून आलेली कितीतरी मुलं याच वाटेने आली आणि दोन-तीन वर्षांत हव्या त्या टीममध्ये सरकली.

बीसीए, बीएस्सी केलेल्यांनी उगाच कमीपणा घेऊ नये. विप्रोचा वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्रॅम तुमच्यासाठीच आहे, त्यात नोकरी करता करता एमटेक होतं. ज्यांना केटी (राहिलेले विषय) लागल्यात किंवा वायडी झालाय (वर्ष वाया गेलंय) त्यांना मात्र स्पष्ट सांगतो: मोठ्या कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत 'दहावीपासून साठ टक्के' आणि 'एकही केटी शिल्लक नको' या अटी अजून चालतात. ते दार बंद असेल तर त्याच्यासमोर वर्ष घालवू नका. पन्नास-शंभर माणसांच्या कंपन्या मार्कशीटपेक्षा तुम्ही काय बनवलंय ते आधी बघतात.

एक दिशा निवडा आणि किमान चार महिने ती सोडू नका. आज जावा, उद्या डेटा सायन्स, परवा सायबर सिक्युरिटी असं करणारा मुलगा वर्षाअखेर तिथेच असतो, फक्त क्लासची फी जाते. 'शंभर टक्के प्लेसमेंट' असा फलक लावणाऱ्या क्लासवाल्यांकडे गेल्या बॅचच्या पाच मुलांचे फोन नंबर मागा, आणि नंबर देताना चेहरा कसा होतो ते बघा. शिकायला पैसेच लागतात असंही नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत, फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेला फी पडते.

प्रोजेक्ट एकच करा, पण घरचा

माझी भाची सांगोल्याची. बीई झाली आणि रेझ्युमे घेऊन माझ्याकडे आली. वर ई-कॉमर्सच्या वेबसाइटची नक्कल होती, यूट्यूब बघून केलेली.

"घरी काय चालतं गं?" मी विचारलं.

"बाबांचं दूध संकलन केंद्र आहे ना, मामा. तुम्हाला माहितीये की."

"मग त्याचा हिशेब कोण ठेवतं?"

"वहीत. दर दहा दिवसांनी बिल काढायला दोघंजण रात्री बारापर्यंत बसतात."

"हाच तुझा प्रोजेक्ट."

तिला ते पटेना. "मामा, हे खूपच साधं आहे. मुलाखतीत दूध-बिध काय सांगू?"

पण वरून साधं दिसणारं हे काम आत शिरल्यावर काय निघालं बघा. गायीच्या दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांवर) ठरतो, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा आधार, त्याच्या वर-खाली गेलं की लिटरमागे पैसे वाढतात किंवा कापले जातात. म्हणजे दरपत्रकाचं टेबल आलं. दर बदलतो, पण मागच्या दहा दिवसांचं बिल पुन्हा छापायचं झालं तर जुनाच दर लागला पाहिजे. म्हणजे प्रत्येक दरापुढे तो कधीपासून लागू आहे ती तारीख हवी. शेतकऱ्याने पशुखाद्याची पोती नेलेली असतात, लग्नाकार्यासाठी उचल घेतलेली असते, ती बिलातून कापायची. बिल उणे निघालं तर काय करायचं? पुढच्या बिलात ओढायचं.

पहिल्या महिन्यात तिचा हिशेब काही पैशांनी चुकायला लागला. तिने रक्कम 'फ्लोट'मध्ये, म्हणजे दशांश आकड्यांच्या प्रकारात, ठेवली होती. कॉम्प्युटरला ०.१ आणि ०.२ ची बेरीज करायला सांगा, तो ०.३०००००००००००००००४ असं उत्तर देतो, कारण तो आकडे शून्य आणि एकमध्ये ठेवतो आणि हे दशांश त्यात नेमके बसत नाहीत. मग तिने सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवल्या. एकदा बिल सेव्ह होत असतानाच लाइट गेली. निम्म्या लोकांची कपात झाली, निम्म्यांची राहिली. डेटाबेसमधलं ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतात, नाहीतर एकही नाही) कशासाठी असतं हे तिला त्या रात्री कळलं. कॉलेजात त्याच प्रश्नाला तिने दहापैकी आठ मार्क मिळवले होते.

तीनशे शेतकरी, दिवसाला दोन वेळा, वर्षाला २,१९,००० नोंदी. दुसऱ्या वर्षी बिल काढायला वेळ लागायला लागल्यावर तिने शेतकऱ्याचा क्रमांक आणि तारीख यांवर इंडेक्स टाकला, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी झटपट शोधायची सोय. मुलाखतीत 'इंडेक्स म्हणजे काय' हा प्रश्न आला तेव्हा तिने व्याख्या सांगितलीच नाही, ही गोष्ट सांगितली. समोरचे वीस मिनिटं दुधाबद्दलच विचारत राहिले. त्यांच्यातला एक कोल्हापूरचा होता, त्याने तर म्हशीच्या दुधाचा दर कसा लावतेस इथपर्यंत खोदलं.

तुमच्या घरी डेअरी नसेल. किराणा दुकान असेल, भिशी असेल, सोसायटीचा मेंटेनन्स असेल, गणेश मंडळाची वर्गणी असेल. जिथे आज वही किंवा एक्सेल आहे आणि खरा माणूस ते वापरून तुम्हाला शिव्या घालू शकतो, ती जागा शोधा.

कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) टाका आणि रोजचं काम रोज कमिट करा, म्हणजे तिथे नोंदवा. एकाच दिवशी सगळ्या फाइल चढवल्या की कुठून तरी उचलल्याचा वास येतो. प्रोजेक्ट काय करतो आणि कसा चालवायचा हे रीडमी नावाच्या फाइलमध्ये सोप्या भाषेत लिहा. एआयची मदत घेतली तर घ्या, आम्हीही घेतो. पण मुलाखतीत स्क्रीन शेअर करून 'ही ओळ काढली तर काय होईल?' असं विचारतात, तेव्हा उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे.

रेझ्युमे: एक पान, आणि तो लग्नाचा बायोडेटा नव्हे

वडिलांचं नाव, जन्मतारीख, फोटो, 'छंद: वाचन व क्रिकेट' आणि शेवटची 'वरील माहिती खरी आहे' ही प्रतिज्ञा काढून टाका. मेहनती, प्रामाणिक, झटपट शिकणारा वगैरेही नको; आळशी असं आजवर कुणीच लिहिलेलं नाही.

वर नाव, फोन, ईमेल, गिटहब आणि लिंक्डइन. खाली प्रोजेक्ट, मग येणाऱ्या गोष्टी, मग शिक्षण. प्रोजेक्टच्या ओळीत तुम्ही काय केलं ते आकड्यासह लिहा: 'तीनशे उत्पादकांचं दहा दिवसांचं बिल काढणारी प्रणाली, पायथॉन आणि पोस्टग्रेसमध्ये, एका केंद्रावर रोज वापरात.' दोन कॉलमचे रंगीबेरंगी नमुने टाळा, कारण कंपन्यांची रेझ्युमे वाचणारी सॉफ्टवेअर त्यात गोंधळतात. पीडीएफ पाठवा आणि फाइलला स्वतःचं नाव द्या. माझ्या डाउनलोडमध्ये 'फायनल न्यू टू' नावाच्या किती फाइल पडल्यात ते विचारू नका.

आता एक गंभीर गोष्ट. पुण्यात 'दोन वर्षांचा अनुभव लावून देतो' म्हणणारे लोक उघड फिरतात. पन्नास हजार, लाख घेतात, बनावट सॅलरी स्लिप देतात. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पीएफचा यूएएन (खातेदाराचा कायमचा क्रमांक) तपासतात आणि तिथे तुमची आधीची नोकरी दिसत नाही. रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी पकडले गेले तरी त्याच दिवशी बाहेर काढतात, आणि पुढच्या कंपनीला या सहा महिन्यांबद्दल काय सांगायचं हाही प्रश्न उरतो. फ्रेशर असणं हा गुन्हा नाही.

अर्ज कुठे आणि कसे

नोकरी डॉट कॉम या साइटवर प्रोफाइल करा आणि आठवड्यातून दोनदा तरी उघडून काहीतरी अपडेट करा. अलीकडे सक्रिय असलेले उमेदवार वेगळे काढायची सोय रिक्रूटरकडे असते. लिंक्डइनवर नुसता 'ईझी अप्लाय' दाबत बसू नका. कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर अर्ज करा आणि मग आत काम करणारा माणूस शोधा.

रेफरल मागायला मराठी मुलांना फार संकोच वाटतो. 'त्यांना कशाला त्रास' वगैरे. बऱ्याच कंपन्या रेफर केलेला माणूस लागला की कर्मचाऱ्याला बक्षीस देतात, त्यामुळे तुम्ही उपकार मागत नसता. फक्त नीट मागा. 'सर काही व्हेकन्सी असेल तर कळवा' या मेसेजला मी उत्तर देत नाही, कारण द्यायला उत्तरच नसतं. जागेचा जॉब आयडी, तुम्ही त्याला का बसता याच्या दोन ओळी आणि रेझ्युमे असं एकाच मेसेजमध्ये पाठवलंत तर माझं काम दोन मिनिटांचं होतं, आणि दोन मिनिटं मी काढतो. पहिल्यांदा कॉलेजच्या दोन-तीन वर्षं पुढच्या सीनियरांना विचारा. त्यांना स्वतःची वणवण अजून आठवत असते.

पुण्यात असाल तर शनिवार-रविवारच्या मीटअपना जा. पायथॉन पुणे, वर्डकॅम्प पुणे अशा ठिकाणी दहा वर्षं काम केलेला माणूस चहा घेताना तुमच्याशी बरोबरीने बोलतो. गावाकडे असाल तर ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, हात घाला. वर्डप्रेस, लिबरऑफिस यांचं मराठी भाषांतर स्वयंसेवकच करतात. तिथून सुरुवात करून कोडपर्यंत पोहोचता येतं. गुगल समर ऑफ कोड (नवख्यांना ओपन सोर्समध्ये काम देणारा गुगलचा उपक्रम) २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून ते फक्त विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही.

अ‍ॅप्रेंटिसशिपला नाक मुरडू नका. केंद्र सरकारच्या एनएटीएस पोर्टलवर पदवी आणि डिप्लोमावाल्यांसाठी वर्षभराच्या जागा असतात, विद्यावेतन मिळतं आणि सरकारी प्रमाणपत्रही. आपल्याकडचा कारभार मुंबईचं बोर्ड ऑफ अ‍ॅप्रेंटिसशिप ट्रेनिंग बघतं.

सगळे अर्ज एका एक्सेलमध्ये लिहून ठेवा: तारीख, कंपनी, पद, कुणामार्फत, पुढे काय झालं. पंधरा दिवसांनी फोन आला आणि तुम्ही 'कोणती कंपनी म्हणालात?' विचारलंत तर तिथेच संपलं.

पैसे मागणारी नोकरी खोटी असते. लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, 'रिफंडेबल' काहीही. नामांकित कंपनीचं ऑफर लेटर जीमेलवरून आलं असेल तर तेही खोटं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला) फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

ऑनलाइन परीक्षा

इथे फार सांगण्यासारखं नाही. मोठ्या कंपन्या आधी अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंगची परीक्षा घेतात, टीसीएसची एनक्यूटी घ्या किंवा मेटल, हॅकररँकवरच्या इतर घ्या. रोज दीड तास, तीन महिने. काळ-काम-वेगाची गणितं दहावीच्या पुस्तकातली असतात, फक्त घड्याळ चालू असतं. परीक्षेत दुसरा टॅब उघडला तर नोंद होते. गावी लाइटचा भरवसा नसेल तर त्या दिवशी तालुक्याला नातेवाइकांकडे जा, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी तयार ठेवा.

मुलाखत

वॉक-इन असेल तर मुळात पोहोचणं हीच पहिली फेरी. वाकडच्या पुलावर सकाळी नऊला अडकलेला माणूस दहाला हिंजवडीच्या फेज तीनला पोहोचत नाही. रेझ्युमेच्या चार प्रती, आधार, मार्कशीटच्या झेरॉक्स, पाणी आणि डबा घ्या. नंबर दुपारी तीनला लागू शकतो, आणि उपाशीपोटी एसक्यूएलचे जॉइन (दोन टेबलं जोडायच्या पद्धती) आठवत नाहीत.

'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की गाव, वडिलांचा व्यवसाय, बहीण-भाऊ सुरू करू नका. तुम्ही काय बनवता, सध्या काय शिकताय आणि इथे का आलात, एवढं दीड मिनिटात.

तांत्रिक प्रश्नांत फ्रेशरला फार अवघड विचारत नाहीत. एसक्यूएलमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढायला सांगतात. हा प्रश्न इतका घासलेला आहे की उत्तर सगळ्यांना पाठ असतं. म्हणून मी वाट बघतो कुणी उलट विचारतं का: 'सर, सगळ्यात जास्त पगार दोघांचा सारखाच असेल तर?' तसं विचारणाऱ्याने निम्मी मुलाखत जिंकलेली असते. बायनरी सर्चचंही तसंच. 'लॉग एन' सगळे म्हणतात. दहा लाख नावांच्या क्रमवार यादीत नाव शोधायला फार तर वीस पावलं लागतात, कारण दर पावलाला यादी निम्मी होते, असं सांगणारा क्वचित भेटतो.

कोड लिहिताना गप्प बसू नका. मनात काय चाललंय ते बोला. अडलात तर 'मला इथे दोन वाटा दिसतायत' म्हणा, समोरचा बहुतेक वेळा एकीकडे ढकलतो. माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणा आणि अंदाज असेल तर तो अंदाज आहे असं सांगून मांडा. थापा आम्हाला कळतात, कारण त्या आम्हीही मारल्यात.

आता इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची निम्मी भीती हीच असते. माझी पद्धत सांगतो: प्रोजेक्ट आधी आईला मराठीत समजावा. तिला कळला म्हणजे तुम्हाला कळलाय. मग तेच इंग्रजीत, छोट्या वाक्यांत, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पहिलं रेकॉर्डिंग ऐकून लाज वाटेल, दहावं ठीक वाटेल. वाक्यात व्याकरण चुकलं म्हणून मी आजवर कुणाला नाकारलेलं नाही. पाठ केलेलं फर्डं इंग्रजी बोलून पुढच्याच प्रश्नाला गप्प झालेल्यांना मात्र नाकारलंय.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' म्हणतात. विचारा: कोणत्या टीमसाठी घेताय, ट्रेनिंग किती, लोकेशन कोणतं, बाँड (ठरावीक मुदतीआधी सोडल्यास पैसे भरायची अट) आहे का.

नकार आला तर त्याच संध्याकाळी, आठवताहेत तोवर, सगळे प्रश्न वहीत लिहून काढा. चार मुलाखतींनंतर त्या वहीत तेच तेच प्रश्न दिसायला लागतात.

ऑफर लेटर आलं, आता वाचा

३.६ लाखांचं पॅकेज म्हणजे महिना तीस हजार हातात, असं घरी सांगून बसू नका. समजा बेसिक १५,००० आहे आणि पॅकेजचा दहा टक्के भाग व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा, दरमहा हातात न येणारा). तीस हजारांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी सुमारे ७२२ आणि व्हेरिएबलचे ३,००० आधीच बाजूला जातात. मग तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००. हातात साडेबावीस हजारांच्या आसपास. (व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात. मुलींना महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो माफ आहे, त्यामुळे हे दोनशे वाचतात.) वाकडला कॉट बेसिसवर राहायचं की कुणाबरोबर फ्लॅट घ्यायचा, ते या आकड्यावर ठरवा.

बाँडची रक्कम आणि मुदत सही करण्याआधी वाचा. 'बाँडला काही अर्थ नसतो' असं कट्ट्यावर ऐकाल, तेवढ्यावर जाऊ नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात, तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये भरायची अट ग्राह्य धरली. ते प्रकरण सरकारी बँकेचं होतं, पण सहीला वजन असतं एवढं त्यातून कळतं.

ऑफर मिळाली तरी रुजू होईपर्यंत शोध थांबवू नका. २०२२ च्या बॅचमधली बरीच मुलं हातात ऑफर लेटर घेऊन दोन-दोन वर्षं बसून होती.

रुजू व्हायच्या दिवशी मूळ मार्कशीट आणि डिग्री घेऊन जा, तपासायला द्या आणि त्याच दिवशी परत घ्या. 'बाँड संपेपर्यंत आमच्याकडे राहतील' असं कुणी म्हणालं तर कागद तिथे ठेवू नका. तशी कंपनी असेल तर सही न करता घरी या, आणि एक्सेलमधली पुढची ओळ उघडा.